‘जाईन’, ‘जाणार’, ‘जातो’ : रकान्यांत कोंडलेला भविष्यकाळ

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील भविष्यकाळ का जमत नाही, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शिक्षणव्यवस्थेने केव्हाच ठरवून टाकले आहे. तो ग्रामीण आहे, त्याचे वाचन नाही, त्याच्या घरात इंग्रजी नाही, झाले! आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. भविष्याविषयी बोलण्याची जी सूक्ष्म जाण हा विद्यार्थी घरून घेऊन येतो ती आपण मराठीच्या तासाला त्याच्याकडून काढून घेतो, तिच्या जागी इंग्रजीच्या एका जुनाट तक्त्याचे मराठी भाषांतर त्याच्या हाती ठेवतो, आणि पुढच्या तासाला तोच तक्ता इंग्रजीत घोकायला लावतो. दोन्ही तास संपल्यावर त्याला ना मराठीचा भविष्यकाळ कळलेला असतो ना इंग्रजीचा.

मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी आम्ही मराठी शिकवतो. इंग्रजी व्याकरण हा आमचा विषय नव्हे, त्यात मराठीवाल्यांनी नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. ज्या चुकीचे खापर इंग्रजीच्या तासावर फुटते तिचे मूळ मराठीच्या तासात आहे, हे आमचे उत्तर.

आधी इंग्रजीची बाजू पाहू. इंग्रजीत भविष्यकाळ सांगायचा तर ‘विल’ किंवा ‘शॅल’. प्रथमपुरुषी ‘शॅल’, इतरत्र ‘विल’. निश्चय वा वचन असेल तर याच्या उलट. हा नियम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केला गेला. तो प्रथम मांडला जॉन वॉलिस या गणितज्ञाने, १६५३ साली, आणि तोही लॅटिनमध्ये लिहिलेल्या, परक्यांना इंग्रजी समजावे म्हणून रचलेल्या व्याकरणात. पुढच्या व्याकरणकारांनी तो उचलला, फुगवला आणि शाळेत नेऊन बसवला. प्रत्यक्षात इंग्रज तसे बोलतात का, हे मोजून पाहण्याची गरज फार उशिरा वाटली. १९२५ साली चार्ल्स फ्रीझ या अमेरिकी अभ्यासकाने नाटकांतील संवाद तपासून दाखवून दिले की बोलणारी माणसे हा नियम पाळत नाहीत. प्रथमपुरुषीसुद्धा ‘विल’चेच राज्य आहे. १९८५ साली क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तर २००२ साली हडलस्टन आणि पुलम यांनी आपापल्या बृहद् व्याकरणांत स्पष्ट केले की रूपाच्या दृष्टीने पाहता इंग्रजीला भविष्यकाळ नाहीच. क्रियापदाला प्रत्यय लागून होणारे वर्तमान आणि भूत असे दोनच काळ त्या भाषेत आहेत. भविष्याविषयी बोलण्याच्या रीती मात्र पुष्कळ आहेत : ‘विल’, ‘गोइंग टू’, चालू वर्तमान, साधा वर्तमान आणि आणखी काही.

या रीतींपैकी कोणती निवडायची हे काळावरून ठरत नाही. ‘उद्या’ हा शब्द चारही वाक्यांत सारखाच असू शकतो. बोलणारा त्या घटनेशी कोणत्या नात्याने उभा आहे, यावर निवड ठरते. आत्ता, बोलता बोलता निर्णय घेतला तर ‘विल’. आधीच ठरवून ठेवले असेल, किंवा समोर लक्षणे दिसत असतील, तर ‘गोइंग टू’. दुसऱ्या माणसाशी बोलणे होऊन व्यवस्था झाली असेल तर चालू वर्तमान. वेळापत्रकच तसे असेल तर साधा वर्तमान. या सीमा पोलादी नाहीत, एकमेकींत मिसळतात. पण दिशा हीच.

आता हे मराठी विद्यार्थ्याला अवघड का वाटावे? त्याची भाषा तर हाच भेद जन्मभर पाळत आली आहे. लग्नाचे आमंत्रण करायला गेलेल्या माणसाला कोणी ‘येईन’ म्हटले आणि कोणी ‘येणार’ म्हटले तर पंगतीत कोणाचे पान मांडायचे हे त्याला लगेच कळते. ‘येईन, येईन’ असे दोनदा म्हणणारा तर येणारच नाही, हेही कळते. आभाळाकडे न पाहता, नुसत्या अंदाजाने माणूस म्हणतो, ‘पाऊस पडेल’. काळा ढग डोंगरावर टेकलेला दिसला की तोच म्हणतो, ‘पाऊस पडणार’. इंग्रजीतील ‘विल रेन’ आणि ‘गोइंग टू रेन’ यांतील फरक समजावायला परदेशी पुस्तकांना चित्रे काढावी लागतात. आमच्या वर्गातील संत्राबागायतदाराचा मुलगा तो फरक आंबिया बहाराच्या चिंतेत रोज जगतो.

आणखी पाहा. ‘गाडी सहाला सुटते’ या वाक्यात वर्तमानकाळ आहे आणि गाडी उद्याची आहे, इंग्रजीतही तेच. ‘परवा मी अमरावतीला जातो आहे’ यात सारे ठरल्याची खूण आहे, इंग्रजीतही तीच. दारावर थाप पडली की मराठी माणूस ‘मी उघडतो’ म्हणतो, ‘मी उघडीन’ म्हणत नाही. ‘उघडीन’मध्ये ‘सवड झाली की’ असा एक न उच्चारलेला अर्थ डोकावतो. येथे इंग्रजी मात्र ‘विल’ वापरते. म्हणजे आमची चौकट आणि त्यांची चौकट तंतोतंत जुळत नाही, आणि जेथे ती जुळत नाही तेथेच खरे शिकवणे आहे. शिवाय मराठीजवळ इंग्रजीहून एक जास्तीची रीत आहे. घरातून अजून पाऊल न टाकलेला माणूस दूरध्वनीवर ‘आलोच’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, घटना पुढची! झाडावर चढलेल्या पोराला आई खालून ओरडते, ‘पडलास बघ’; पोर अजून फांदीवरच असते.

नकाराकडे पाहिले की तर भाषेचे खरे चातुर्य दिसते. ‘मी जाईन’ याचा नकार ‘जाईन नाही’ असा होत नाही. तो ‘जाणार नाही’ असाच होतो. होकारात मराठी माणूस स्वतःसाठी ‘जाईन’ची पळवाट ठेवू शकतो, नकारात ती त्याला उरत नाही. आणि हट्टाने नाकारायचे असेल तर पुन्हा वर्तमानाचे रूप : ‘मी नाही जात, जा!’ असा विचार करायला लावणारे एक तरी वाक्य आपल्या शालेय मराठी व्याकरणात आहे काय?

तेथे काय आहे ते आता पाहू. स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि शाळांच्या फळ्यांवर भविष्यकाळाचे चार रकाने दिसतात : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. ‘मी जाईन’, ‘मी जात असेन’, ‘मी गेलो असेन’, ‘मी जात जाईन’. हे वर्गीकरण कोठून आले हे सांगायला संशोधकाची गरज नाही. बारा काळांचा इंग्रजी तक्ता शेजारी ठेवा, पहिले तीन रकाने एकास एक जुळतील.

या रकान्यांतील ‘पूर्ण भविष्यकाळ’ घेऊ. ‘मी त्या घरी दोनदा गेलो असेन’ हे वाक्य कोणत्याही मराठी माणसापुढे ठेवा. हे भविष्य आहे? येथे बोलणारा मागे घडलेल्या गोष्टीबद्दल अदमास करतो आहे. ‘तो आता जेवत असेल’ यात भविष्य कोठे आहे? ते आत्ताचे, पण डोळ्यांआडचे. ‘असेल’ या रूपाचा गाभा काळ नव्हे, अनुमान हा आहे. घटना समोर दिसत नाही, बोलणारा तर्क करतो आहे, एवढेच ते रूप सांगते. मग घटना काल घडलेली असो, आत्ता घडत असो की उद्या घडायची असो. ‘उद्या या वेळी मी परीक्षा देत असेन’ या वाक्याला भविष्याचा अर्थ येतो खरा, पण तो ‘उद्या’ने आणलेला आहे. ‘उद्या’ काढून घ्या, भविष्य गेले. म्हणूनच काम पुरे झाल्याचे भविष्य निःसंदिग्धपणे सांगायचे असेल तेव्हा मराठी माणूस बहुधा ‘तू येशील तेव्हा मी निघालेलो असेन’ अशी ‘-लेला’ची रचना करतो. ती तक्त्यात नाही, कारण इंग्रजी तक्त्यात तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

याहून गमतीची गोष्ट अशी की रकाना भरण्यासाठी अशा तक्त्यांनी वाक्यही वाकवले. ‘मी पत्र लिहिले असेन’ असे उदाहरण त्यांत सर्रास आढळते. कर्मणी प्रयोगाचा साधा नियम ज्याला ठाऊक आहे त्याने ते मोठ्याने वाचून पाहावे. ‘मी पत्र लिहिले’ येथे क्रियापद पत्राच्या मागे गेले आहे. मग ‘असणे’ने एकाएकी ‘मी’च्या मागे का जावे? मराठीत ते ‘मी पत्र लिहिले असेल’ असेच होईल. इंग्रजीतील कर्त्याची सत्ता मराठी वाक्यावर लादल्याशिवाय हे ‘असेन’ जन्माला येत नाही. अशी वाक्ये पाठ करून विद्यार्थी गुण मिळवतात आणि अधिकारी होतात.

आता या तक्त्याचा दुसऱ्या तासाला काय परिणाम होतो तो पाहा. ‘घेतो’ म्हणजे साधा वर्तमानकाळ, असे मराठीच्या तासाला शिकलेला विद्यार्थी ‘थांबा, फोन मी घेतो’ याचे भाषांतर साध्या वर्तमानात करतो. आणि ज्या वाक्यात व्यवस्था वा पूर्वनिश्चय सांगायचा आहे तेथे तो ‘विल’ लावतो, कारण भविष्य म्हणजे ‘विल’ असे त्याला सांगितलेले असते. नोकरीच्या मुलाखतीत ‘पुढे काय करण्याचा विचार आहे?’ या प्रश्नाला ज्याचे सारे ठरलेले आहे असा मुलगा ‘विल’ने उत्तर देतो आणि ऐकणाऱ्याला तो त्याच क्षणी मनात येईल ते बोलणारा वाटतो. त्याच्या जवळ ‘करणार आहे’ हे नेमके रूप होते; ते इंग्रजीत कोठे ठेवायचे हे कोणी सांगितले नाही. न्यायाने बोलायचे तर आपल्याकडे सर्वाधिक वापरल्या गेलेल्या रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्यांतही भविष्य सांगण्याच्या निरनिराळ्या रीती दिलेल्या आहेत. वर्गापर्यंत मात्र तक्ता पोचतो आणि रीती पुस्तकात राहतात. २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. बारावीपर्यंत बारा वर्षे इंग्रजी शिकून विद्यार्थी पुन्हा बारा काळांच्याच तक्त्यावर येऊन थांबत असेल, तर वर्षे वाढवून काय साधले?

कोणी म्हणेल, व्याकरणाची शिस्त इंग्रजांकडूनच आली, तेव्हा थोडे अनुकरण होणारच. हे खरे नाही, आणि ज्या तालुक्यात आम्ही हे लिहितो तेथे तर ते बोलण्याचीही सोय नसावी. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही महानुभावांची काशी. येथेच तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्याच महानुभाव परंपरेत भीष्माचार्यांनी ‘पंचवार्तिक’ हे मराठीचे व्याकरण सूत्ररूपाने रचले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८०५ साली बाहेर पडले, दादोबा पांडुरंग यांचे १८३६ साली आले; मराठीला व्याकरण असते ही जाणीव त्यांच्या कितीतरी शतके आधीची आहे.

त्याहीपेक्षा महत्त्वाची गोष्ट दृष्टीची. पाणिनीने क्रियापदाच्या रूपांना लट्, लङ्, लृट् अशी नावे दिली; नाव रूपाचे, अर्थ वेगळा सांगायचा. भविष्यासाठी तर त्याच्याजवळ दोन लकार होते : आजच्या दिवसापलीकडच्या भविष्यासाठी लुट्, आणि सामान्यतः लृट्. मराठी व्याकरणकारांनीही याच वळणावर ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ऊआख्यात, ईआख्यात, ईलाख्यात अशी नावे घडवली आणि मोरो केशव दामल्यांच्या १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्यांची चर्चा विस्ताराने येते. ‘जाईन, जाशील, जाईल’ हे ईलाख्यात. त्याचा अर्थ भविष्य असू शकेल, वचन असू शकेल, तर्क असू शकेल. नाव त्याबद्दल आधीच निकाल देत नाही. ‘जाई, करी’ हे ईआख्यात. यादवकालीन गद्यात ते वर्तमान सांगे, आज ते भूतकाळातील सवय सांगते. रूप तेच, काळ बदलला. ज्यांनी रूपाला रूपाचे नाव दिले त्यांना या बदलाने अडचण आली नाही. ज्यांनी रूपाला काळाचे नाव दिले त्यांची पंचाईत झाली. १९६४ साली अरविंद मंगरूळकरांनी मराठीच्या व्याकरणाचा पुनर्विचार मांडला, १९८७ साली कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी त्यातील वाद आणि प्रवाद उलगडून दाखवले. पदव्युत्तर वर्गात आपण या ग्रंथांची नावे घेतो आणि शाळेत पुन्हा चार रकाने मारतो. ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ हा शब्द २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक परिपत्रकात आला आहे. त्या प्रणालीतील ही एवढी साधी, उपयोगी आणि बुद्धिमान गोष्ट वर्गात यायला अजून कोणाची परवानगी हवी?

आता वऱ्हाडीविषयी. आमच्या विद्यार्थ्यांचा भविष्यकाळ ‘मी जाईन, तू जाशीन, तो जाईन, ते जातीन’ असा चालतो. ‘पाऊस येईन’, ‘होईन ना बावा’ हे येथले रोजचे बोलणे. प्रमाण मराठीत प्रथमपुरुषी ‘न’ आणि इतरत्र बहुतेक ‘ल’ अशी वाटणी आहे; वऱ्हाडीने ती मोडून सर्वत्र ‘न’ केला. यात गोंधळ नाही, अज्ञान नाही. उलट अधिक नियमितपणा आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५च्या सातव्या खंडात वऱ्हाडीची दखल घेतली गेली. १९६० साली उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने ही बोली कादंबरीच्या संवादांत प्रतिष्ठेने बसवली. तरीही वहीत ‘तो जाईन’ आले की तांबडी रेघ ओढली जाते, आणि रेघ ओढणाऱ्याला ती का ओढली हे सांगता येत नाही. ‘अशुद्ध’ एवढेच सांगता येते.

येथे इंग्रजीचा इतिहास पुन्हा आठवावा. तेथेही प्रथमपुरुषी एक शब्द आणि इतरत्र दुसरा अशी वाटणी पुस्तकात होती. बोलणाऱ्यांनी ती मोडली आणि सर्वत्र ‘विल’ केले. पुरुषभेद पुसून एकच रूप चालवण्याची ही वाटचाल वऱ्हाडीच्या वाटचालीला अगदी समांतर आहे. फरक एवढाच की लंडनने केले तेव्हा आपण त्याला ‘आधुनिक वापर’ म्हटले, पाठ्यपुस्तके बदलली. वरूड-मोर्शीने केले तेव्हा गुण कापले. वर्गात हे दोन बदल शेजारी शेजारी मांडले तर ‘शॅल’ का मावळला हे इंग्रजीच्या विद्यार्थ्याला कळेल, आणि आपली बोली भाषाशास्त्राच्या नियमाने चालते हे मराठीच्या विद्यार्थ्याला कळेल. निबंधात ‘जाईल’ लिहायचे हे त्याला शिकवावेच. त्याबद्दल आमचा वाद नाही. मात्र एका नियमाकडून दुसऱ्या नियमाकडे जा, असे सांगून शिकवावे. घाणीतून बाहेर ये, अशा सुरात नव्हे.

हा सारा खटाटोप केवळ व्याकरणाच्या शुद्धीसाठी असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. भविष्याची रूपे ही आश्वासनाची रूपे आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप आयुष्यभर आश्वासने वाचत आले आहेत. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. त्यानंतर कार्यालयांत जी मराठी रुळली तिचे लाडके क्रियापद आहे ‘करण्यात येईल’. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ ‘सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल.’ इंग्रजी टिप्पणीतील कर्त्याविना येणाऱ्या ‘विल बी’चे हे सही सही भाषांतर. या वाक्यात कोण करणार, केव्हा करणार, ठरले आहे की पाहू या आहे, यांपैकी काहीच नाही. ‘आम्ही देतो’ म्हणणारा बांधला जातो. ‘आम्ही देणार आहोत’ म्हणणाऱ्याला तारीख विचारता येते. ‘देऊ’ म्हणणाऱ्याच्या मागे निदान तगादा लावता येतो. ‘देण्यात येईल’ म्हणणारा मात्र वाक्यातच नाही, मग त्याला धरायचे कसे? संत्र्याची बाग झाडावर असताना विकणारा शेतकरी व्यापाऱ्याच्या तोंडचे ‘देतो’ आणि ‘देऊ’ बरोबर तोलतो आणि त्याप्रमाणे इसार घेतो. तोच शेतकरी शासकीय पत्रापुढे निःशब्द होतो, कारण त्या पत्रातील भविष्यकाळ त्याच्या भाषेतला नसतो.

सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण आमच्याच तालुक्यात आहे. त्या प्रकल्पात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांनी मोर्शीत दीर्घकाळ धरणे धरले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यापैकी काही जणांनी मुंबईला मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. त्यांच्या मागण्यांचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण धरण पुरे होऊन दशके लोटल्यावरही माणसांना आपल्या भविष्यकाळासाठी जाळीवर उतरावे लागते, त्या तालुक्यात ‘येईल’ आणि ‘येणार’ यांतील भेद हा परीक्षेच्या दोन गुणांचा विषय राहू शकत नाही. पत्र हातात घेऊन ‘यात कर्ता कोठे आहे?’ असे विचारता येणे हे व्याकरणाचे शिक्षण आहे. ते देणे हे मराठीच्या शिक्षकाचे काम आहे. दुसऱ्या कोणाचे नाही.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला असा की परीक्षेला तक्ताच विचारतात, मग एवढे सूक्ष्म शिकवून मुलांचे नुकसान का करायचे? प्रश्नपत्रिका आकाशातून पडत नाहीत. त्या आपल्यासारखेच शिक्षक काढतात, अभ्यासमंडळांवर आपल्यासारखेच शिक्षक बसतात. ‘काळ ओळखा’ ऐवजी ‘पुढील दोन वाक्यांत बोलणाऱ्याची भूमिका कशी बदलते ते सांगा’ असा प्रश्न काढायला कोणाची बंदी नाही. दुसरा आक्षेप असा की कच्च्या विद्यार्थ्याला चार रूपांचा भेद झेपणार नाही, त्याला एक सोपा नियम द्या. हा आक्षेप दयाळू वाटतो, पण तो अपमानकारक आहे. जो मुलगा हे भेद दिवसातून शंभरदा अचूक करतो त्याला ते झेपणार नाहीत असे म्हणणे म्हणजे त्याच्या भाषेकडे कधी पाहिलेच नाही असे कबूल करणे. त्याला जे येते त्याला नाव द्यायचे, एवढेच तर काम आहे.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. मराठीच्या शालेय आणि स्पर्धापरीक्षांच्या व्याकरणातून चार रकान्यांचा भविष्यकाळ काढावा, ‘असेल’ची रूपे अनुमानाच्या प्रकरणात न्यावीत, ‘-णार’, वर्तमानाने सांगितलेले भविष्य आणि ‘आलोच’सारखी रूपे व्याकरणात रीतसर दाखल करावीत. महाविद्यालयांतील मराठी आणि इंग्रजी विभागांनी वर्षातून निदान चार तास एकत्र घ्यावेत, आणि पहिला तास भविष्याच्या रूपांवर असावा. फळ्याच्या डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी, आणि जेथे जुळत नाही तेथे जास्त वेळ. रिद्धपूरला २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सोहळे झाले, हारतुरे झाले. आता त्या विद्यापीठाने भोवतालच्या गावांत जाऊन वऱ्हाडी क्रियापदाची नोंद करावी, ‘जाईन’पासून सुरुवात करावी. माणसे तेथेच आहेत, बोलत आहेत, आणि नोंदवहीला फार पैसा लागत नाही.

हे ‘करण्यात यावे’ असे आम्ही लिहीत नाही. आमच्यापुरते सांगायचे तर येत्या सत्रात इंग्रजी विभागासोबतचा पहिला तास आम्ही घेतो.